वाचकांचे प्रश्न : सीगल काढण्याआधी वारा काढा

समुद्रकाठ चित्रात किंवा गोष्टीत आणू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरांकडे वळण्याआधी एका शब्दाचा खुलासा. ‘सीगल’ नावाचा एकच एक पक्षी नसतो. या गटात जगभर पन्नासेक जाती आहेत आणि मराठी पक्षिपुस्तकांत त्यांना ‘कुरव’ म्हणतात. पत्रांत मात्र सगळ्यांनी सीगलच लिहिलंय, म्हणून इथेही तोच शब्द ठेवतो. जातीमुळे फरक पडत असेल तिथे जातीचं नाव घेऊ.

प्रश्न : माझ्या चित्रातले उडणारे सीगल लहान मुलांच्या ‘एम’सारखे दिसतात. समोर फोटो ठेवला तरी पंख मागाहून चिकटवल्यासारखे वाटतात. काय चुकतं? – बालपुस्तकांसाठी चित्रं काढणारी एक वाचक

‘एम’ अगदीच खोटा नाही. लांबून, समोरून येणारा सीगल तसा दिसतोही. बिघडतं ते दोन्ही कमानी तंतोतंत सारख्या काढल्यामुळे आणि आकाशातले साती पक्षी एकाच मापाचे, एकाच बाजूने दिसणारे काढल्यामुळे. वाऱ्यात तोल सांभाळणाऱ्या पक्ष्याचे दोन पंख एका पातळीत क्वचितच असतात. एक वर गेला की दुसरा खाली, आणि शेपटीही थोडी वळलेली.

आता पंख चिकटवल्यासारखा का वाटतो ते पाहू. पंख म्हणजे पक्ष्याचा हात. त्याला खांदा आहे, कोपर आहे, मनगट आहे. कोपर अंगाजवळच्या पिसांत दडलेलं असतं, ते दिसत नाही. दिसतं ते मनगट, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेला जिथे कोन पडतो ती जागा. हा कोन बहुतेक जण पंखाच्या बरोबर मध्यावर काढतात. सीगलमध्ये तो अंगाच्या बाजूला सरकलेला असतो. खांद्यापासून टोकापर्यंत पाच भाग पाडले, तर मनगट साधारण दुसऱ्या भागाच्या शेवटी येतं. तिथवर पंखाची कड थोडी पुढे झुकते आणि तिथून टोकाकडे मागे वळते. एवढी एक दुरुस्ती केली तरी अर्धं काम होतं.

मापाचंही पाहा. हेरिंग गल ही सीगलची एक मोठी जात. तो चोचीपासून शेपटीपर्यंत ५५ ते ६७ सेंटिमीटर भरतो आणि त्याचे पसरलेले पंख १२५ ते १५५ सेंटिमीटर. म्हणजे पंखांचा पसारा अंगाच्या दुपटीहून थोडा जास्त. आपला हात कागद संपायच्या भीतीने पंख आखूड करतो आणि पक्षी कबुतरासारखा होतो. म्हणून आधी पंखांची दोन टोकं कागदावर ठिपक्यांनी मांडा आणि मग मधे अंग बसवा. आणखी एक : घारीच्या पंखाच्या टोकाला बोटांसारखी पिसं फाकलेली असतात, तशी सीगलला काढू नका. त्याचा पंख निमुळता होत टोकदार संपतो.

फडफडताना पंख वर-खाली होतो म्हणजे फळी वर-खाली होत नाही. खाली येताना तो पूर्ण पसरलेला असतो आणि हवेच्या दाबाने टोकं वर वाकतात. वर जाताना मनगट दुमडून पुढे निघतं, टोक मागे लोंबत येतं. मोठा सीगल सेकंदाला साधारण तीनदा पंख मारतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी हे पकडणं अवघड. फोनवर सेकंदाला १२० फ्रेमच्या वेगाने चित्रण केलं तर एका फडफडीच्या चाळीसेक चौकटी मिळतात. त्यातल्या सहा-सात निवडून शेजारी शेजारी नुसत्या बाह्यरेषेत काढा.

आणि या सगळ्याच्या आधी, कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक बाण काढा : वारा कुठून कुठे वाहतोय त्याचा. सीगल उतरताना, उड्डाण घेताना, एका जागी तरंगताना तोंड वाऱ्याकडे करतो. तुमच्या चित्रात होडीवरचा झेंडा उजवीकडे फडकत असेल, तर तरंगणाऱ्या पक्ष्यांची तोंडं डावीकडे हवीत. वाळूवर बसलेला थवाही त्याच बाजूला तोंड करून बसलेला हवा, कारण पाठीमागून वारा आला की पिसं विस्कटतात. छापलेल्या कितीतरी चित्रांत झेंडा, बाईचे केस आणि पक्षी तीन वेगवेगळ्या वाऱ्यांत असतात. पाहणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण चित्र खोटं वाटतं ते यामुळेच.

प्रश्न : उभा सीगल काढला की त्याचं बदक होतं. – चित्रकलेचा विद्यार्थी

पाय मागे गेले असतील. बदकाचे पाय पोहण्यासाठी मागे सरकलेले असतात. सीगल चालणारा पक्षी आहे, त्याचे पाय अंगाच्या मध्याजवळ येतात, म्हणून तो अंग आडवं ठेवून सहज चालतो. पायाच्या मधोमध जो सांधा मागे वाकलेला दिसतो तो गुडघा नव्हे, घोटा. गुडघा पोटाच्या पिसांत असतो. हे ध्यानात राहिलं की पाऊल टाकतानाची आकृती आपोआप जमते. मिटलेल्या पंखांची टोकं शेपटीच्या पुढे येऊन एकमेकांवर कात्रीसारखी पडतात. ती शेपटीच्या आत संपवली की लगेच कोंबडी किंवा बदक आठवतं.

चोचीत घाई करू नका. मोठ्या जातींमध्ये वरची चोच टोकाला खाली वळते आणि खालच्या चोचीला टोकाच्या थोडं अलीकडे एक उंचवटा असतो. हेरिंग गलच्या पिवळ्या चोचीवरचा लाल ठिपका नेमका त्या उंचवट्यावर बसतो. पिल्लू तिथे टोचतं, मग आई किंवा बाप अन्न ओकतो. नीको टिनबर्गन या शास्त्रज्ञाने (१९७३ च्या नोबेल पुरस्काराच्या तीन मानकऱ्यांपैकी एक) पिल्लांपुढे पुठ्ठ्याची डोकी आणि नाना आकार धरून हे तपासलं. पांढरे पट्टे ओढलेल्या एका बारीक लाल काठीला पिल्लांनी हुबेहूब डोक्यापेक्षाही जास्त टोचा मारल्या. व्यंगचित्रकाराला याहून चांगला दाखला कुठे मिळणार? तुमचा सीगल चार रेषांचा असला तरी चालेल, ठिपका मात्र जागेवर हवा.

प्रश्न : पांढरा पक्षी, पांढरा कागद. जलरंगात हे कसं सोडवायचं? मास्किंग फ्लुइड (कोरी ठेवायची जागा झाकणारं, नंतर चोळून काढायचं रबरी द्रव) वापरलं तर पक्षी कापून चिकटवल्यासारखा दिसतो, वर कागदही फाटला. – एक हौशी चित्रकार

सीगल पांढरा आहे हे आपल्याला माहीत असतं, आणि ती माहितीच आड येते. डोळे किलकिले करून पाहा. ढगाळ दिवशी आकाश पक्ष्यापेक्षा उजळ असतं, आणि त्याच्यासमोर उडणाऱ्या सीगलचं पोट स्पष्ट करडं दिसतं. पांढऱ्याला १ आणि काळ्याला १० धरलं, तर सावलीतलं पांढरं पोट ३-४ वर येऊन बसतं. गंमत पुढे आहे. ऊन वरून पडलं असेल तेव्हा पक्ष्याची मुळातली करडी पाठ सावलीतल्या पांढऱ्या पोटापेक्षा उजळ असते. ‘पाठ करडी, पोट पांढरं’ असं पाठ केल्यासारखं रंगवलं की ऊन मरतं, ते इथे.

सावलीचा करडा ट्यूबमधून घेऊ नका. दोन भाग अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि एक भाग बर्न्ट सायना (तांबूस तपकिरी) एवढ्याने थंड करडा मिळतो. त्यात इतकं पाणी घाला की ओला असताना तो तुम्हाला हवा त्याहून थोडा गडद वाटेल, कारण जलरंग वाळल्यावर फिकट होतो. पक्षी वाळूवर असेल तर पोटाचा तो करडा ओला असतानाच खालून यलो ओकरचा (मातकट पिवळ्याचा) पुसट स्पर्श द्या. उन्हातली वाळू पोटावर उजेड फेकते. पाण्यावर असेल तर हाच उजेड हिरवट-निळा. पक्ष्याभोवती पेन्सिलीची गडद रेघ ठेवू नका. पांढऱ्या कडेला ओळख द्यायची ती मागच्या रंगाने.

आता मास्किंग. कागद फाटण्याची कारणं ठरलेली आहेत : कागद ओलसर असताना ते लावलं, हेअर ड्रायरने वाळवलं (उष्णतेने ते कागदात घट्ट बसतं), किंवा दोन-चार दिवस तसंच ठेवलं. कागद पूर्ण कोरडा असू द्या, हवेवर वाळू द्या, रंग खडखडीत वाळल्यावर त्याच दिवशी बोटाने चोळून काढा. ब्रश जुना घ्या आणि बुडवण्याआधी साबणाच्या फेसात फिरवा, नाहीतर तो ब्रश गेला म्हणून समजा. ३०० जीएसएमचा कोल्ड प्रेस (जाड, किंचित खरखरीत) कागद साधारणपणे हे सोसतो. तरी कोपऱ्यात एकदा करून पाहाच, काही कागदांचा पृष्ठभाग मऊ असतो आणि तंतू सुटून येतात.

कापून चिकटवल्यासारखं दिसतं कारण मास्किंगने सगळ्या कडा सारख्याच धारदार होतात. ते काढल्यावर ओल्या, स्वच्छ ब्रशने पोटाची आणि मागच्या पंखाची कड दोन-तीन ठिकाणी हलकेच घासून विरघळवा. डोकं आणि पुढच्या पंखाची कड तेवढी तीक्ष्ण राहू द्या. खरं सांगायचं तर तळहाताएवढा मोठा पक्षी असेल तर मास्किंगची गरजच नाही, त्याच्याभोवतीने आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) ओढा. मास्किंग राखून ठेवा लांबच्या बारीक पक्ष्यांसाठी आणि फेसाच्या थेंबांसाठी.

गडद समुद्रावर मागाहून ग्वाशचा (अपारदर्शक जलरंगाचा) पांढरा लावणार असाल तर तो दाट लावा. पातळ केला की खालचा निळा उचलला जातो आणि पक्षी आजारी दिसतो. किंचित यलो ओकर मिसळलं की खडूसारखा कोरडेपणा जातो. पंखाची टोकं तयार काळ्याने भरू नका. तेच अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना दाट करून वापरा आणि त्यात पांढरे ठिपके सोडा. टोकं काळी असण्याला कारण आहे. काळं रंगद्रव्य पिसाला चिवट करतं आणि सर्वात जास्त झीज टोकाचीच होते. पांढरे ठिपके मात्र लवकर झिजतात, म्हणून पिसं गळायच्या आधीच्या दिवसांत काही पक्ष्यांची टोकं नुसती काळी दिसतात.

प्रश्न : माझ्या कथेत तपकिरी सीगल आहे. संपादक म्हणतात, सीगल पांढरा असतो. – कथालेखिका

तपकिरी राहू द्या. हेरिंग गलसारख्या मोठ्या जातींना पूर्ण पांढरा-करडा पोशाख यायला चार वर्षं लागतात. पहिल्या वर्षी अंग तपकिरी ठिपक्यांचं, चोच काळपट, डोळा गडद. पण त्याला ‘छोटासा तपकिरी सीगल’ म्हटलं असेल तर ‘छोटासा’ काढा. उडायला लागलेलं पिल्लू मापाने आईबापांएवढंच असतं. काळ्या डोक्याचा कुरव दुसऱ्या वर्षीच प्रौढ दिसू लागतो. त्याचं डोकं खरं तर गडद चॉकलेटी, आणि तेही विणीच्या हंगामापुरतं. हिवाळ्यात डोकं पांढरं होऊन डोळ्यामागे एक काळा ठिपका उरतो. कडाक्याच्या थंडीतल्या प्रसंगात त्याला टोपी घालून बसवू नका.

प्रश्न : कादंबरीत जहाज किनारा सोडून दहा दिवस झालेत, महासागराच्या मध्यावर आहे. एकटा सीगल डोलकाठीवर येऊन बसतो. चालेल का?

बहुतेक जाती चालणार नाहीत. सीगल किनाऱ्याचा पक्षी आहे. विश्रांतीला आणि खाण्याला त्याला जमीन किंवा मासेमारीच्या बोटी जवळ लागतात. किटीवेक ही जात अपवाद, ती हिवाळा खुल्या समुद्रात काढते. तुमचा प्रवास उत्तर अटलांटिकमधला असेल तर तिचं नाव घ्या, काळे पाय दाखवा, आणि डोलकाठीवर बसवण्याऐवजी जहाजामागे उडू द्या. नाहीतर अल्बट्रॉस किंवा पेट्रेल हे खुल्या समुद्रातले पक्षी घ्या. हाच नियम उलटा वापरला तर प्रसंग जास्त रंगेल : दहा दिवस एकही नाही आणि अकराव्या पहाटे तीन सीगल. खलाशाला कुणी काही सांगायची गरज उरत नाही.

प्रश्न : माझ्या कथानकात आठवडाभर रोज सूर्यास्ताला ओहोटी असते आणि नायिका खडकावर चालत जाते. एका वाचकाने हे अशक्य आहे असं कळवलं. इतकं काटेकोर व्हायची गरज आहे का?

गरज आहे, कारण समुद्रकाठी वाढलेल्या वाचकाचा विश्वास तिथेच उडतो. आणि फायदाही आहे, भरती-ओहोटी हे फुकट मिळालेलं घड्याळ आहे.

हिशेब असा. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणून दुसऱ्या दिवशी तीच भरती सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. समजा सोमवारी सकाळी ६ ला भरती आहे. मग ओहोटी दुपारी बारानंतर, पुढची भरती संध्याकाळी ६.२५ च्या सुमारास. मंगळवारी सकाळची भरती ६.५० ला, बुधवारी ७.४० ला. पुढच्या सोमवारी ती पावणेबाराच्या आसपास पोचते आणि सकाळी सहाच्या जागी आता जवळजवळ ओहोटी असते. थोडक्यात, आठवड्यात सगळं उलटं होतं. तुमच्या नायिकेला सूर्यास्ताची ओहोटी फार तर दोन-तीन दिवस मिळेल. त्यानंतर तिला रोज उशिरा निघावं लागेल, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी ती अंधारात खडकावर असेल. यातच कथानक दडलेलं आहे, ते का सोडता?

चंद्रही यात बांधलेला आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, बहुधा एक-दोन दिवस नंतर, उधाण येतं. तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, चढउतार कमी. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या वेळी उगवतो आणि मध्यरात्री डोक्यावर येतो, त्यामुळे ‘पौर्णिमेच्या रात्री नऊ वाजता चंद्र मावळला’ हे वाक्य कुठे असेल तर खोडा. एक बारकावा फार थोडे लेखक वापरतात : एकाच ठिकाणी उधाणाची भरती दर वेळी घड्याळात जवळपास त्याच वेळेला येते. गावातल्या म्हाताऱ्याने तिथी ऐकून ‘म्हणजे दुपारी पाणी पायरीला लागणार’ असं म्हटलं, तर तो ज्योतिषी ठरत नाही, तो फक्त तिथला आहे. पाणी किती चढतं हे मात्र जागेवर अवलंबून. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात १५ मीटरहून जास्त फरक पडतो, भूमध्य समुद्राच्या बऱ्याच किनाऱ्यांवर तो ढोपराएवढाही नसतो. कादंबरी खऱ्या गावात घडत असेल तर तिथलं भरतीचं वेळापत्रक पाहा.

पक्षीही याच घड्याळावर चालतात. पाणी ओसरू लागलं की ओल्या वाळूत आणि चिखलात ते खायला पांगतात, भरतीला उंच जागी दाटीने बसतात. भरल्या पाण्यात ‘चिखलात किडे टिपणारे सीगल’ लिहू नका. वाऱ्याचंही असंच : स्वच्छ दिवशी दुपारी समुद्राकडून खारे वारे, रात्री जमिनीकडून मतलई वारे. मध्यरात्री खिडकीतून आलेल्या ‘समुद्राच्या खाऱ्या झुळकी’ला काही कारण द्यावं लागेल.

प्रश्न : चित्रकथेत सीगल एका मुलाच्या हातातला खाऊ पळवतो. चार चौकटींत तो खट्याळ कसा दाखवू? त्याला भुवया नाहीत!

भुवया काढू नकाच, मान आणि मनगटं वापरा. धमकावणारा सीगल मान ताठ उभी करतो, चोच खाली झुकवतो आणि पंखांची मनगटं अंगापासून किंचित सुटी धरतो, गुंडाने बाह्या सरसावल्यासारखी. मागणारं पिल्लू मान खांद्यात ओढून, पाठ आडवी करून डोकं वर-खाली हलवतं. घाबरलेला पक्षी पिसं अंगाशी घट्ट दाबतो आणि बारीक दिसतो. पहिल्या चौकटीत तो दुसरीकडेच बघत असावा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसलं, की माणूस टक लावून बघत असेल तर हेरिंग गल खाण्याकडे यायला जास्त वेळ लावतात. तेव्हा तिसऱ्या चौकटीत मुलाचं लक्ष हटवा आणि पक्षी मागून आणा. त्याची वाट वाऱ्याच्या विरुद्ध हवी, हे आता सांगायला नको.

प्रश्न : सीगलच्या आवाजाला मराठीत काय लिहावं?

‘किलबिल’ नक्कीच नाही. हेरिंग गल डोकं छातीपर्यंत खाली नेतो, मग आभाळाकडे फेकत ओरडतो : सुरुवातीला दोन-तीन लांब ‘क्यावऽऽ’, मग ‘क्याव-क्याव-क्याव’ असे आखूड आणि भरभर. धोका दिसला की घशातून दबका ‘गा-गा-गा’. पिल्लाची मात्र बारीक शीळ. एका पानावर एकदाच लिहा. तिसऱ्यांदा ‘क्यावऽऽ’ आलं की वाचक हसतो.

प्रश्न : किनाऱ्यावर बसून रेखाटनं करायची आहेत. काय न्यावं?

ए-५ मापाची पुठ्ठ्याची वही, दोन मोठे क्लिप (दोन्ही कोपऱ्यांना, एकाने भागत नाही), २बी पेन्सिल, पाणी भरता येणारा ब्रश. दुर्बीण असेल तर ८×४२ पुरे, जास्त मोठेपणाची हातात थरथरते. खाऱ्या तुषारांनी कागद दमट राहतो आणि वॉश लवकर वाळत नाही, म्हणून तिथे रेषा आणि टोन घ्या, रंग नंतर. रंगपेटी उघडी ठेवली की वाळू बसते आणि ब्रशचे केस झिजतात. घरी आल्यावर दुर्बीण आणि क्लिप गोड्या पाण्याने ओलावलेल्या फडक्याने पुसा.

एका पानावर एकच पक्षी पुरा करायचा हट्ट धरू नका. पाच-सहा आकृत्या एकदम सुरू करा : पिसं साफ करणारा, एका पायावर उभा, जांभई देणारा. पक्षी हलला की पुढच्या आकृतीवर जा. सीगल त्याच त्या मुद्रा पुन्हा घेतो, तेव्हा अर्धवट सोडलेल्या आकृतीकडे परत या. घरट्यांच्या जवळ मात्र बसू नका. पक्षी डोक्यावरून झेपा घालू लागले तर तुम्ही फार जवळ आलात, वही मिटून मागे सरा.